वाटी-चमच्याचं प्रकरण

आमच्या तारापूर-बोईसर पट्ट्यात स्वच्छता हा पगारी विषय आहे. इतर गावांतली माणसं आंघोळ करून कामाला जातात आणि स्वच्छतेचा प्रश्न तिथेच मिटतो; इथे तो कामावर पोचल्यावर सुरू होतो. अणुऊर्जा केंद्राच्या आतल्या भागातून बाहेर पडताना हातपाय यंत्रावर टेकवावे लागतात, आणि यंत्राची खात्री पटली तरच माणसाला घर दिसतं. आत खाण्यापिण्याला बंदी; बडीशेपेचा दाणाही तोंडात टाकायचा नाही. एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात शिरायचं तर डोक्याला टोपी, नाकातोंडावर मास्क, बुटांवर पिशव्या, अंगठी लॉकरमध्ये. १९६९ साली केंद्राची पहिली दोन युनिटं वीज देऊ लागली, तेव्हापासून इथल्या दोन-तीन पिढ्यांनी या शिस्तीवर संसार केले, मुलांची लग्नं लावली, बोईसरला फ्लॅट घेतले.

अशी माणसं ज्या घरात आहेत तिथे बाळाला पहिला घास भरवणं म्हणजे हातचा मळ, असं कोणालाही वाटेल. आमच्याकडे नातू सहा महिन्यांचा झाला आणि स्वयंपाकघरात चार खाती उघडली.

पहिलं खातं घरच्या मालकिणीचं, म्हणजे आमच्या हिचं. हिची स्वच्छता सर्वांत जुनी. बाहेरून आलेल्याने पायांवर पाणी घेतल्याशिवाय पाळण्याकडे जायचं नाही, बाळाला शिळं द्यायचं नाही, वाटीत उरलेलं पुन्हा भरवायचं नाही. दुसरं खातं मुलाचं. तो औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. कागदावर लिहिलेलं नसेल तर ते घडलंच नाही, असं तो मानतो. तिसरं सुनेचं, आणि सुनेच्या पाठीशी बाळाचे डॉक्टर. चौथं खातं व्याह्यांचं. ते अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झाले, कॉलनी सोडून जवळच राहायला आले, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे शिस्त शिल्लक आहे पण ती लावायला जागा नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. खडूच्या धुळीत आयुष्य गेलेल्याला या मंत्रिमंडळात कोण घेणार? मी बिनखात्याचा.

सहा महिने हा आकडा डॉक्टरांचा. तोवर आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, तारापूरचा मे महिना असला तरी नाही. हिला ते पटायला वेळ लागला, कारण आमच्या काळात चौथ्या महिन्यापासून वरणाचं पाणी सुरू व्हायचं. पण सहाव्या महिन्यानंतर नुसतं दूध पुरत नाही, जन्मताना बरोबर आणलेला लोहाचा साठा सरत येतो, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा हिने लगेच, ‘बघा, शेवटी भातावरच यायचं ना,’ असं म्हणून तह मान्य केला.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मात्र कोणालाच विनोदी वाटलं नाही. मुलांना जुलाब सर्वांत जास्त होतात ते याच वयात, सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. तोवर पोटात जाणारं सगळं एकाच ठिकाणाहून येत असतं, आणि तिथे ना भांडं धुवायचं असतं ना झाकण ठेवायचं असतं. वरचं अन्न सुरू झालं की वाटी येते, चमचा येतो, पाणी येतं आणि मुख्य म्हणजे माणसांचे हात येतात. त्याच सुमारास बाळही रांगू लागतं आणि जमिनीवर काय काय आहे याची पाहणी तोंडाने करतं.

उष्टावणाला व्याही चांदीची वाटी-चमचा घेऊन आले. आजोळची वाटी, तिच्यावर आतूनबाहेरून वेलबुट्टी. मुलाने ती उजेडात धरून फिरवली आणि म्हणाला, “आतल्या बाजूला नक्षी असलेलं भांडं आमच्याकडे पास होणार नाही. खाचेत अन्न अडकतं.” सासऱ्याने आणलेल्या चांदीला नापास करणारा जावई मी तरी प्रथमच पाहिला. व्याही काही बोलले नाहीत. पण ते आत गेले आणि त्यांनी आमच्या ओट्याची पाहणी सुरू केली.

पाहणी म्हणजे काय, तर त्यांनी ओट्याचे भाग पाडले. गॅसच्या उजवीकडे शिजलेलं, डावीकडे कच्चं. कच्च्याचं भांडं, विळी, पाट उजवीकडे येणार नाहीत. उजवीकडचा कोपरा फक्त बाळाचा, तिथे हात धुतल्याशिवाय प्रवेश नाही. सिंक तर त्यांनी सर्वांत वाईट विभागात टाकलं. आता यात चूक काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवायला सांगितलं आहेच. आमच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ फार सोपा आहे. सकाळी दारावर आलेले बोंबील ज्या विळीवर साफ झाले, त्याच विळीवर दुपारी बाळाचा चिकू कापायचा नाही. चिकू सालासकट आधी धुवायचा, मग कापायचा. साल आपण खात नाही म्हणून न धुता कापणारे पुष्कळ असतात, पण सालीवरचं जे काही असेल ते पात्याबरोबर गरात उतरतं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी सालीवरची धूळ काही त्याने जात नाही.

व्याह्यांनी आपली सीमारेषा समजावून सांगितली. हिने ती शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, “भाऊ, तुमचा हा उजवा कोपरा मी मघाशी कशाने पुसला, पाहिलंत का?”

कोणी पाहिलं नव्हतं. नळावर लोंबणारं ते ओलं फडकं होतं. त्याने बोंबलाचं पाणी टिपलं गेलं होतं, चहाचा डाग पुसला गेला होता, कढई उतरवली गेली होती, आणि शेवटी बाळाचा राखीव विभागही स्वच्छ झाला होता. चार खात्यांचे अधिकारी ओट्यावर जमले होते, पण सर्व विभागांतून बिनपरवाना फिरणारा हा इसम कोणाच्या नजरेत आला नव्हता. ओलं राहिलेलं फडकं जंतूंना मानवतं, आणि आमच्या पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. मीठ पाझरतं, काडेपेटी सादळते, फडक्याला तो एक विशिष्ट वास येतो. आता आमच्याकडे फडकी रोज उकळतात आणि इस्त्रीने वाळतात. फडक्याला इस्त्री करणारं घर म्हणून शेजारी आमच्याकडे थोडं आदराने पाहतात.

फडक्याचा निकाल लागल्यावर हिचा पदर चर्चेला आला. हा विषय नाजूक होता. हिच्या पदराने चष्मा पुसला जातो, गरम टोप उतरतो, कपाळाचा घाम टिपला जातो आणि बाळाचं तोंडही. “ताई, हा पदर नेमका कोणत्या विभागात धरायचा?” असं व्याह्यांनी अगदी मनापासून विचारलं. हिने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बाळासाठी मऊ सुती तुकड्यांची चळत डब्यात दिसू लागली.

फुंकरेचं भांडण मात्र बरेच दिवस चाललं. घास गरम असला की हिची फुंकर आपोआप निघते, आणि गार झाला का हे ती जिभेच्या टोकाला चमचा लावून पाहते. सुनेचं म्हणणं, मोठ्यांच्या लाळेतून दात किडवणारे जंतूसुद्धा बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. वाफाळलेला भात ताटलीत पसरावा किंवा वाटी गार पाण्यात धरावी, दोन मिनिटांत काम होतं. “त्याला अजून दात कुठे आहेत?” हा हिचा मुद्दा पहिला दात दिसेपर्यंत टिकला. आता ती फुंकर घालते ती वाटीपासून हातभर दूर, हवेत. फुंकर वाया जाते, पण तिला बरं वाटतं.

मुलाच्या खात्याचा कारभार फ्रिजवर चालतो. तिथे कागद चिकटवला आहे, त्यावर रकाने आहेत: काय शिजवलं, किती वाजता, कोणी. नाचणीच्या डब्यावर चिठ्ठी, तिच्यावर बॅच नंबर. पेजेला बॅच नंबर असलेला हा पहिलाच मुलगा असावा, अशी मी गावात त्याची थट्टा केली. पण त्या कागदातला वेळेचा रकाना मला हळूहळू पटू लागला, कारण त्यामुळे घरातली एक जुनी गोष्ट उघडी पडली. आपण सगळे भांडं किती चकचकीत आहे ते पाहतो, आतला भात किती वाजल्यापासून तिथे बसला आहे ते पाहत नाही.

भाताची खोड तर वेगळीच. तांदळात काही जंतूंची बीजं अशी असतात की ती शिजवल्यावरही मरत नाहीत. भात उकाड्यात तसाच राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात. मग तो भात पुन्हा कितीही गरम करा, ते विष राहतंच. वाड्याचा कोलम असो की रेशनचा तांदूळ, नियम तोच. पाच ते साठ अंश सेल्सियस हा जंतूंच्या सुखाचा पट्टा, आणि आमच्याकडची दुपार बरोबर त्याच्या मधोमध असते. शिजलेलं दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये. ठेवायचं तर पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये, आणि पुन्हा देताना नुसतं कोमट नाही, आतपर्यंत वाफ येईल असं, सत्तर अंशांच्या वर, तापवून. हिचं शास्त्र याहून आखूड आहे: बाळाचं मूठभर शिजवावं, भरवावं, उरलं तर आपण खावं. वाटीत एकदा उष्टा चमचा बुडला की लाळेबरोबर जंतूही बुडाले, हे तिला कोणी कारणासकट सांगितलं नव्हतं. उरलेलं खाण्याचं काम बिनखात्याच्या मंत्र्याकडे असल्यामुळे, अळणी मऊ भात या विषयावर मी आता अधिकाराने बोलू शकतो.

फ्रिजवर फार विसंबण्यातही अर्थ नाही. जिथे वीज तयार होते तिथे वीज जात नाही, हा बाहेरच्यांचा समज आहे. पावसाळ्यात ती जाते. अशा वेळी दार न उघडता ठेवलेला फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. पण वीज गेल्यावर फ्रिजमध्ये काय काय आहे हे उघडून पाहण्याचा मोह सगळ्या घराला एकदमच होतो.

नाचणीचा कारखाना गच्चीवर होता. नाचणी नव्हे, नागली, कारण ती जव्हार-मोखाड्याकडून आलेली आणि तिकडे तिला तेच म्हणतात. रात्रभर भिजवायची, फडक्यात (इस्त्रीच्या) बांधून मोड आणायचे, सुकवायची, भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. मोड आल्यावर धान्यातला पिष्टपदार्थ फुटतो, लापशी पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बाळाचं पोट मुठीएवढं, त्यामुळे हे महत्त्वाचं. पण मोड ज्या ऊबदार ओलाव्यात येतात तो जंतूंनाही आवडतो, म्हणून नीट सुकवणं आणि नंतर लापशी खळखळून शिजवणं टाळता येत नाही. सुकवण्यात शत्रू दोन: कावळे, आणि एमआयडीसीकडून वारा आला की गच्चीवर उतरणारी काळसर भुकटी. कावळ्यांना मी काठीने हाकललं. भुकटीला काठी चालत नाही. शेवटी नागली घरात पंख्याखाली वाळली, आणि दोन दिवस आम्ही सगळे पंख्याशिवाय दुसऱ्या खोलीत बसलो.

वाऱ्याचं जे, तेच पाण्याचं. नळाला येतं ते सूर्या नदीचं, धामणी धरणाचं. ते उकळून गार केलं की बाळाला चालतं. समुद्रसपाटीला खळखळून एक मिनिट उकळी पुरे. पण किनाऱ्यालगतच्या विहिरी काही मचूळ, काहींच्या पाण्याबद्दल म्हातारी माणसं नुसती मान हलवतात. कारखान्यांचं सांडपाणी आणि खाडी हा इथला जुना झगडा आहे. इथल्या मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेने तो राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. स्वयंपाकघरातल्या माणसाने त्यातून एवढंच ध्यानात ठेवायचं की उकळल्याने जंतू मरतात, रसायनं मरत नाहीत. उलट पाणी आटलं की ती दाट होतात. संशयाच्या विहिरीचं पाणी कितीही उकळलं तरी संशय उकळत नाही. इथे मात्र आमच्या चारही खात्यांची एकजूट होती.

या सगळ्या गदारोळात एक दिवस अंगणवाडीच्या ताई आल्या. वजनकाटा, वही आणि घाई. मुलाचा कागद त्यांनी कौतुकाने वाचला, व्याह्यांचे विभाग ऐकले, चांदीच्या वाटीची नक्षी बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, “स्टीलची साधी वाटी नाही का घरात?” दुधाच्या बाटलीचं काही ठेवलं नाही ना, तेही विचारलं. बाटलीचं बूच आणि नळी आतून धुतली जात नाही, म्हणून वाटी-चमचाच बरा. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना तर कायद्यानेच बंदी आहे. मग त्यांनी व्याह्यांना म्हटलं, “काका, हात बघू.” सगळी नोकरी यंत्रावर हात टेकवण्यात गेलेल्या माणसाने मोठ्या विश्वासाने हात पुढे केले. ताईंनी ते उलटे केले. यंत्राने कधी नखं पाहिली नव्हती. करंगळीचं तर त्यांनी हौसेने वाढवलेलं. शिवाय पोवळ्याची अंगठी, तिच्याखाली साबण पोचत नाही. मंगळ शांत राहावा म्हणून घातलेली अंगठी त्यांनी तिथल्या तिथे काढून खिशात टाकली. मग साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडांसकट हात कसे धुवायचे ते ताईंनी त्यांना मोरीत करून दाखवलं. बाहेर आल्यावर ते मला हळूच म्हणाले, “कडक आहेत हो बाई. आमच्या शिफ्ट इन्चार्जसारख्या.”

मला त्यांच्यात कोसबादची टेकडी दिसली. ती इथून डहाणूकडे फार लांब नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबादला गेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या आणि आयुष्यभर तिथे राहिल्या. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. धुतलेले हात, कापलेली नखं, विंचरलेले केस हा तिथे अभ्यासक्रमाचाच भाग. मास्तर म्हणून मला त्याचं नेहमी नवल वाटत आलं आहे, कारण आम्ही शाळेत नखं तपासायचो ती शिक्षा करायला. पुढे १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. ज्या जिल्ह्यात अंगणातली ती शाळा सुरू झाली, त्याच आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुलं गेली. अर्धपोटी मुलाला जुलाब झाला की ते खंगतं, खंगलेल्याला पुन्हा लवकर जुलाब होतो. आमच्या घरात चार खाती, फ्रिज, डॉक्टर आणि दोन आजोबा आहेत. त्या पाड्यांवरच्या आईला पाणी डोक्यावरून आणायचं असतं, आणि हात धुवायचे की ते पाणी पुरवायचं हे आधी ठरवायचं असतं. ताई निघताना त्यांना पुढच्या कामाची घाई का होती ते मग कळतं.

एवढ्या बंदोबस्तात नातवाचं काय चाललं होतं? उकळलेल्या चमच्याने, ताज्या शिजवलेल्या, दोन तासांच्या आतल्या, बॅच नंबर असलेल्या लापशीचे चार घास त्याने खाल्ले, पाचवा थुंकला, आणि रांगत जाऊन आजोबांची चप्पल तोंडात घातली. व्याही दचकून उठले. मुलाने कागदात पाहिलं; चपलेसाठी रकाना नव्हता. सून चप्पल सोडवत होती, तो सोडत नव्हता. हिने शांतपणे त्याचे हात, तोंड धुतलं, त्या सुती तुकड्याने पुसलं आणि चपला दाराबाहेर, उंच कठड्यावर ठेवल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा पाहुणा चपला काढतो आणि मग त्या ठेवायला छातीएवढा हात उचलतो.

आता मधाचा प्रश्न तेवढा उरला आहे. आमच्याकडे बाळाला मधाचं बोट चाटवायची रीत, आणि बाळगुटीही मधातच उगाळायची. सून म्हणाली, वर्षापर्यंत मध नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ती रुजत नाहीत, पण तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यांत रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात हा आजार प्रथम ओळखला गेला. मध तापवूनही उपयोग नाही, बीजं उकळीला दाद देत नाहीत. हिने सगळं ऐकलं आणि मुलाकडे बोट दाखवत सुनेला म्हणाली, “ह्याला मी तिसऱ्या दिवशी मध चाटवला होता. काय झालं ह्याला?” आम्ही सगळ्यांनी वळून मुलाकडे पाहिलं. तो त्या क्षणी मिठाच्या बरणीवर तारीख चिकटवत होता. कोणी काही बोललं नाही.

तरी हिने सुनेचं ऐकलं. जव्हारकडून आणवलेली जंगली मधाची बाटली देवघराच्या वरच्या फळीवर बंद करून ठेवली आहे. मुलाने तिच्यावर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घातली आहे, कारण वाढदिवसाला केक असतो आणि एका दिवशी दोन नवे पदार्थ द्यायचे नाहीत. व्याह्यांनी साक्षीदार म्हणून यायचं कबूल केलं आहे. नखं कापून येतो म्हणाले.